व्हॅलेन्टाइन्सच्या पुढचे कुंपण: जेरी विल्सन, १९३५

२९ मार्च १९३५, शुक्रवार. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) नावाच्या मैदानावर ग्रँड नॅशनल सुटली, तेव्हा गोल्डन मिलर या घोड्याचा भाव होता एकाला दोन, म्हणजे एक पौंड लावणाऱ्याला जिंकल्यावर दोनच मिळणार. या शर्यतीच्या इतिहासात इतक्या खाली कुठल्याच घोड्याचा भाव उतरलेला नाही. तीस उड्यांची, वाटेत निम्मे घोडे गळणारी ही शर्यत. तिच्यात एखाद्या घोड्यावर लोकांनी इतका भरवसा ठेवणे हीच मुळात विचित्र गोष्ट होती. पहिल्या फेरीत घोड्याने बीचर्स ब्रूक हे कुंपण पार केले, कॅनल टर्नचे काटकोनी वळण घेतले, व्हॅलेन्टाइन्स हे कुंपण ओलांडले. त्याच्या पुढे तो अडला, कसाबसा वाकडा होऊन पलीकडे गेला आणि जॉकी जमिनीवर आला. घोडा पडला नव्हता. तो चार पायांवर उभा होता आणि पाठ रिकामी होती.

तो जॉकी जेरी विल्सन. त्या हंगामात ७३ शर्यती जिंकून तो इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींचा अव्वल जॉकी ठरला. लागोपाठ सहा हंगाम तो त्या जागेवर होता, तरी आज त्याचे नाव निघते ते या एका कुंपणापुरते. दोन महायुद्धांमधल्या काळात उड्यांच्या जॉकीचा धंदा कसा चालायचा आणि कुठे मोडायचा, हे समजून घ्यायला याहून चांगले प्रकरण सापडणार नाही.

आधी आकडे. विल्सन १९३२-३३ मध्ये ६१ विजयांसह पहिल्यांदा अव्वल झाला. पुढचे हंगाम ५६, ७३, ५७, ४५ आणि ५९ असे गेले; सहा हंगामांत ३५१ विजय. त्याच्या आधी बिली स्टॉटने पाच हंगाम ही जागा धरून ठेवली होती: ८८, ६५, ७७, ८१, ७७. त्याही आधीचा मोठा माणूस फ्रेड रीस. १९२४ मध्ये त्याने १०८ शर्यती जिंकल्या, आणि उड्यांच्या जॉकीने वर्षात शंभरी गाठण्याची ती पहिलीच वेळ. हे आकडे शेजारी ठेवताना एक सावधगिरी हवी. १९२५ पर्यंत हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा धरत. १९२५-२६ पासून तो हंगामाप्रमाणे, म्हणजे एका वर्षाच्या पावसाळ्यानंतर सुरू होऊन दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत, धरू लागले. रीसचे १०८ आणि विल्सनचे ७३ एकाच फूटपट्टीने मोजलेले नाहीत.

तरीही विल्सनचा आकडा स्टॉटपेक्षा खाली आहे हे खरे. पण जॉकीला भाव मिळतो तो नुसत्या बेरजेवर नाही. कोणत्या घोड्यावर बसायला मिळते यावर मिळतो, आणि १९३४ च्या सुरुवातीला गोल्डन मिलरची पाठ स्टॉटकडून विल्सनकडे आली.

घोड्याबद्दल थोडे सांगायलाच हवे. जन्म १९२७, आयर्लंडचा. लहानपणी १०० गिनींना (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त) विकला गेला. ट्रेनर बॅसिल ब्रिस्को याने तो न पाहताच ५०० पौंडांना घेतला. पुढे मिस डोरोथी पॅजेट यांनी तो आणि इन्शुरन्स नावाचा हर्डल, म्हणजे कमी उंचीच्या अडथळ्यांची शर्यत, पळणारा घोडा मिळून १२ हजार पौंडांना विकत घेतले. इन्शुरन्सने १९३२ आणि १९३३ ची चॅम्पियन हर्डल जिंकली. गोल्डन मिलरने १९३२ ते १९३६ अशी सलग पाच वर्षे चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकली. पहिली टेड लीडरसोबत, दुसरी स्टॉटसोबत, तिसरी आणि चौथी विल्सनसोबत, पाचवी इव्हान विल्यम्ससोबत. पाच विजयांत चार जॉकी. घोडा किती मोठा होता आणि त्या तबेल्यात जॉकीची खुर्ची किती डळमळीत होती, दोन्ही यातूनच कळते.

आज गोल्ड कप ही उड्यांच्या शर्यतींची शिखर समजली जाते. त्या काळी तसे नव्हते. १९२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा विजेत्याला ६८५ पौंड मिळाले. ग्रँड नॅशनलचे बक्षीस त्याच्या दसपट, सात हजार पौंडांच्या आसपास. मालक आणि ट्रेनर गोल्ड कपकडे नॅशनलची रंगीत तालीम म्हणून पाहत. दोन्ही शर्यती मार्चमध्ये, मध्ये दोन-अडीच आठवडे. विल्सनच्या प्रकरणाचे मूळ या वेळापत्रकात आहे.

वजनाचे गणित

महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेस पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर जो जॉकी असतो तो पन्नास-पंचावन्न किलोंचा, सपाट मैदानावर पळणारा. इंडियन डर्बी २४०० मीटरची. ग्रँड नॅशनल तेव्हा ४ मैल ८५६ यार्ड होती, म्हणजे सुमारे ७,२२० मीटर; डर्बीच्या तिप्पट, आणि मध्ये तीस उड्या. पाठीवरचे वजनही वेगळ्याच जातीचे. नॅशनल ही हँडिकॅप शर्यत: चांगल्या घोड्याला जास्त ओझे, सुमार घोड्याला कमी. तळ १० स्टोनचा, माथा १२ स्टोन ७ पौंडांचा. स्टोन म्हणजे १४ पौंड, साधारण ६.३५ किलो. त्यामुळे सगळ्यात हलका घोडा ६३.५ किलो घेऊन पळे आणि सगळ्यात जड ७९.४ किलो.

हे वजन भरते कशाने? जॉकी, खोगीर, तंग, रिकिबी, आणि कमी पडेल तितके शिसे. शिशाच्या पट्ट्या खोगिराखालच्या कापडाच्या कप्प्यांत बसवतात. शर्यतीआधी जॉकी खोगीर हातात घेऊन काट्यावर बसतो, शर्यतीनंतर पुन्हा बसतो, आणि परतताना वजन कमी भरले तर जिंकलेली शर्यत हातची जाते. आता जिवंत वजन आणि शिसे यांत मोठा फरक आहे. घोडा उडीला झेपावतो तेव्हा माणूस पुढे झुकतो, उतरताना मागे रेलतो, म्हणजे आपले ओझे घोड्याच्या सोयीने हलवतो. शिसे मात्र आहे तिथेच राहते आणि प्रत्येक उतरणीला तितक्याच जोराने पाठीवर आदळते. जड हँडिकॅपच्या घोड्यावर मुळातच अंगाने भारी जॉकी बसवणे ट्रेनरला परवडते ते यामुळेच. सपाट शर्यतीत उपाशी मरणारी माणसे उड्यांकडे वळत, त्यामागेही हेच एक कारण.

१९३४ च्या नॅशनलला गोल्डन मिलरवर १२ स्टोन २ पौंड होते, ७७.१ किलो. तेवढे घेऊन विल्सनने घोडा मधल्या घोळक्यात शांत ठेवला, शेवटच्या टप्प्यात डेलनेज या घोड्याला गाठले आणि पाच लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढे अंतर) जिंकला. वेळ ९ मिनिटे २०.४ सेकंद, तोवरचा विक्रम. सरासरी काढली तर ताशी ४६ किलोमीटरच्या वर. ‘थॉमंड दुसरा’ असे नाव असलेला छोटेखानी पण चिवट घोडा तिसऱ्या क्रमांकावर आला. एकाच वर्षी गोल्ड कप आणि नॅशनल दोन्ही जिंकणारा घोडा आजतागायत एवढा एकच. विल्सन त्या दिवशी जिथे पोचला तिथून वर चढायला जागाच नव्हती.

पुढच्या वर्षी हँडिकॅप ठरवणाऱ्याने साहजिकच माथ्याचे ओझे टाकले: १२ स्टोन ७.

पंधरा दिवस

१९३५ च्या चेल्टनहॅम मीटिंगमध्ये विल्सनने लायन करेजवर चॅम्पियन हर्डल जिंकली. १४ मार्चला गोल्ड कप. ब्रिस्कोची अपेक्षा होती की घोडा आरामात जिंकेल आणि नॅशनलसाठी ताजा राहील. पण जमीन कोरडी आणि टणक होती, आणि अशा जमिनीवर थॉमंड दुसरा भलताच धोकादायक. त्याचे मालक जॉक व्हिटनी हे मिस पॅजेट यांचे मामेभाऊ. त्यांनी आपला घोडा उतरवला. पाठीवर बिली स्पेक.

जमीन टणक असली की दोन गोष्टी होतात. वेग वाढतो, आणि प्रत्येक उतरणीचा हादरा खुरातून सांध्यात, सांध्यातून खांद्यात जातो, कारण माती तो शोषून घेत नाही. सव्वातीन मैलांहून थोडी अधिक अशी ती शर्यत साडेसहा मिनिटांच्या आसपास संपली. शेवटच्या कुंपणाला दोन्ही घोडे बरोबरीने आले, आणि चढावर विल्सन आणि स्पेक यांनी आपापल्या घोड्यातला शेवटचा थेंब पिळून काढला. गोल्डन मिलर पाऊण लांबीने जिंकला. उड्यांच्या शर्यतींच्या इतिहासात या लढतीचे नाव फार वर घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ट्रेनरच्या नजरेने पाहिले तर तो दिवस नुकसानीचा होता. ज्या शर्यतीत घोडा राखायचा होता तिच्यातच तो उपसला गेला, आणि पंधरा दिवसांनी त्याला ३.२ किलो अधिक ओझे घेऊन सव्वा मैल जास्त पळायचे होते.

इथे विल्सनकडे पर्याय काय होता? हात आखडता घेतला असता तर थॉमंड जिंकला असता, आणि मग गोल्ड कप हरल्याचा जाब द्यावा लागला असता. मिस पॅजेट मोठ्या रकमांचे जुगार खेळत, हे सगळ्या इंग्लंडला ठाऊक होते. अशा मालकिणीच्या घोड्यावरचा जॉकी शेवटच्या दोनशे यार्डांत पुढच्या पंधरवड्याचा विचार करत नाही.

मांड सुटते कशी

एन्ट्रीची कुंपणे आज दिसतात तशी नव्हती. उडीच्या बाजूला घोड्याला अंदाज यावा म्हणून जो तिरपा उतार असतो तो १९६१ च्या सुमारास आला. १९३५ मध्ये झुडपांचा ताठ हिरवा पडदा समोर उभा असे, कुठे अलीकडे उघडा चर, कुठे पलीकडे जमीन एकदम खाली. घोडा उडताना त्याला पलीकडचे दिसत नाही. टाप जमिनीला लागायची त्या क्षणी जमीन तिथे नसते आणि पुढचे अंग खाली कोसळते. म्हणून त्या काळचे जॉकी रिकिबीच्या वाद्या लांब ठेवत, उतरताना पाठ मागे टाकत आणि लगाम बोटांतून सोडत जात, म्हणजे घोड्याला मान पूर्ण लांबवून तोल सावरता यावा. लगाम सोडला नाही तर घोड्याचे तोंड खेचले जाते आणि माणूस त्याच्या कानांवरून पुढे जातो.

लगाम सोडण्याचेही धोके आहेत. १९३६ च्या नॅशनलमध्ये हौशी जॉकी अँथनी माइल्डमे डेव्ही जोन्स या घोड्यावर आघाडीवर होता. शेवटून दुसऱ्या कुंपणाला घोडा चुकला, माइल्डमेने लगाम टोकापर्यंत सोडला आणि दोन पट्टे जोडणारी बक्कलच निखळली. लगामाची दोन टोके लोंबकळू लागली, घोडा वळवायला काहीच उरले नाही, आणि शेवटच्या कुंपणाआधी तो मैदानाबाहेर निघून गेला. बक्कलेच्या अलीकडे लगामाला एक गाठ मारली असती तर नॅशनल त्याची होती. पैशापासरी उपाय, पण सुचतो तो नेहमी दुसऱ्याच्या फजितीनंतर.

गोल्डन मिलरचे १९३५ मधले अडणे वेगळ्या प्रकारचे. भरधाव घोडा कुंपणापाशी पुढचे पाय रोवतो तेव्हा त्याचा वेग गेलेला असतो, माणसाचा गेलेला नसतो. माणूस पुढे फेकला जातो, गुडघे खोगिरावरून सरकतात. एवढ्यावर निभावते, घोडा तिथेच थांबला तर जॉकी मानेला धरून लटकतो आणि परत बसतो. अडचण होते ती घोडा थांबता-थांबता विचार बदलून जागच्या जागी वाकडी उडी मारतो तेव्हा. माणूस अजून पुढे झुकलेला, एक गुडघा सुटलेला, आणि खालून घोडा एका बाजूला पिळवटत वर येतो. त्यानंतर मांड टिकवणे कौशल्याच्या बाहेरचे असते.

जॉकीच्या नशिबातला सगळ्यात वाईट प्रकार हाच. घोडा आडवा झाला तर कोणी जॉकीला बोल लावत नाही. घोडा उभा आणि माणूस खाली असला की पहिला संशय माणसावर. एन्ट्रीच्या त्या लांबवरच्या टोकाला काय झाले हे स्टँडवरून नीट दिसत नसे. रेडिओवर या शर्यतीचे धावते वर्णन १९२७ पासून येत होते, पण संथ गतीने पुन्हा-पुन्हा पाहता येईल असे काही नव्हते. जॉकीचा शब्द, आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांचा राग, एवढाच पुरावा.

दुसऱ्या दिवशी जे घडले त्याने आगीत तेल ओतले. घोडा शरीराने ठीक दिसत होता म्हणून त्याला त्याच मैदानावर चॅम्पियन चेस नावाच्या दुसऱ्या शर्यतीत उतरवले. पहिल्याच कुंपणाला विल्सन पुन्हा खाली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चुकीचा निर्णय हा. काल ज्या मैदानावर घोडा अडला तिथेच आज त्याला पुन्हा उभे करणे म्हणजे त्याच्या डोक्यात भीती पक्की करणे. त्यात जॉकीच्या आत्मविश्वासाचा विचार तर कोणी केलेलाच नाही.

यानंतर बुकींनी पैसे चारल्याची कुजबुज झाली. तिला कधी आधार मिळाला नाही. ब्रिस्को आणि मिस पॅजेट यांचे बिनसले आणि घोडे ओवेन अँथनीच्या तबेल्यात गेले.

दोष कुणाचा, हे ठरवायला मात्र एक सरळ मार्ग आहे: जॉकी बदलून पाहा. गोल्डन मिलरने नॅशनल पाच वेळा पळली. १९३३ मध्ये टेड लीडर पाठीवर होता. उड्या ओबडधोबड झाल्या आणि दुसऱ्या फेरीत कॅनल टर्नला खेळ संपला. १९३४ मध्ये विल्सन, विजय. १९३५ मध्ये विल्सन, वर सांगितले ते. १९३६ मध्ये इव्हान विल्यम्स: पहिल्याच कुंपणाला गडबड, पुन्हा बसून पुढे गेला, आणि व्हॅलेन्टाइन्सच्या पुढच्या त्याच टप्प्यात घोडा अडून बसला. १९३७ मध्ये डॅनी मॉर्गन: त्याच टप्प्यात पुन्हा नकार. याच १९३७ च्या नॅशनलमध्ये विल्यम्स रॉयल मेलवर जिंकला. मॉर्गनने १९३८ मध्ये मोर्स कोडवर बसून गोल्ड कपमध्ये खुद्द गोल्डन मिलरला हरवले. ही माणसे कच्ची नव्हती. चार जॉकी, पाच प्रयत्न, शेवटपर्यंत पोचला तो एकदाच. आणि तेवढ्याच काळात चेल्टनहॅमला तोच घोडा कुणाच्याही हाताखाली जिंकत होता. घोड्याला एन्ट्री नको होते. १९३३ मध्येच त्याने ते सांगितले होते, १९३४ च्या विजयाने सगळ्यांना ते विसरायला लावले.

अर्थात एवढ्याने सगळे सुटत नाही. १९३४ मध्ये घोड्याने तीसही उड्या मारल्या, म्हणजे नावड पार करता येत होती. फरक पडला तो ओझ्याचा आणि थकव्याचा. १९३५ चा विजेता रेनल्ड्सटाउन ११ स्टोन ४ घेऊन पळाला, गोल्डन मिलरपेक्षा १७ पौंड, म्हणजे ७.७ किलो कमी. थॉमंड दुसरा, तीच गोल्ड कप पळून आलेला, ११ स्टोन १३ घेऊन पुन्हा तिसरा आला, याची आठवण विल्सनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ठेवायला हवी: थकव्याचा मुद्दा एकट्याने पुरत नाही. नावड, ओझे आणि पंधरा दिवसांपूर्वीची झुंज, तिन्ही एकत्र आल्यावर घोड्याने पाय रोवले, असे मला दिसते.

बाकीचे हिशेब

थॉमंडवरचा बिली स्पेक त्याच वर्षी एप्रिलमध्ये चेल्टनहॅमला एका साध्या शर्यतीत पडला, पाठीचा कणा मोडला आणि काही दिवसांत गेला. गोल्ड कपच्या त्या झुंजीला महिना-सव्वा महिना झाला होता. उड्यांच्या शर्यतींत हेल्मेट सक्तीचे झाले होते ते १९२४ मध्ये, कॅप्टन बेनेट याच्या मृत्यूनंतर. १९२३ ची नॅशनल सार्जंट मर्फीवर जिंकणारा तो, वोल्व्हरहॅम्प्टनला पडला आणि शुद्धीवर आला नाही. बूच घातलेली ती टोपी हनुवटीच्या पट्ट्याशिवायची, पहिल्याच आपटीला निघून जायची, आणि कण्यासाठी तर काहीच नव्हते. जखमी जॉकींसाठीचा मोठा निधी उभा राहिला १९६४ मध्ये. विल्सनच्या काळात हाड मोडले की कमाई थांबली, आणि घोडा दुसऱ्याकडे गेला. त्यामुळे न बऱ्या झालेल्या हाडांवर माणसे बसत.

विल्सनचा घोडाही दुसऱ्याकडे गेलाच. १९३६ ची गोल्ड कप त्याच्याविना जिंकली गेली. तरी इतर ट्रेनर त्याला बोलावत राहिले. एन्ट्रीनंतरच्या तीन हंगामांत तो ५७, ४५ आणि ५९ विजयांसह अव्वलच होता. ज्यांना घोड्यांतले कळत होते त्यांनी निकाल कधीच देऊन टाकला होता. १९३८-३९ मध्ये फ्रेड रिमेलने त्याला मागे टाकले. युद्धामुळे शर्यती आटल्या आणि १९४०-४१ मध्ये अवघ्या २२ विजयांवर विल्सन सातव्यांदा अव्वल झाला. नंतर तो ट्रेनर झाला. १९४५ ची चॅम्पियन हर्डल त्याच्या तबेल्यातल्या ब्रेन्स ट्रस्टने जिंकली, आणि त्या घोड्यावर त्याने बसवला होता फ्रेड रिमेल.